हॅलोचा एक मार्क

"चौसष्ट! अगं शालन, चौसष्ट पडलं मला!"

रत्नप्रभा मगदूमने माझा दंड धरला तो सोडेचना. साखर कारखान्याच्या गेटाशेजारी जाळीच्या फळ्यावर यादी टाचली होती. परीक्षेला अकराजणी बसल्या होत्या, पण नऊजणींची नावं पन्नाशीच्या खाली कुठेतरी होती आणि तिथपर्यंत वाचायला कुणी थांबत नव्हतं. सगळ्यात वर मगदूम, चौसष्ट. तिच्या खाली अंबी, म्हणजे मी, त्रेसष्ट. जागा एकच होती. टेलिफोन ऑपरेटर, महिला.

"तुलाबी चांगलं पडलं की," ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने माझा दंड सोडला.

मी हसले. अशा वेळी हसायला फारसं काही लागत नाही. यादीच्या शेजारी आदर्श उत्तरांचा कागद होता, तो वाचायला लागले. वैशाखातलं ऊन डोक्यावर होतं आणि जाळीला हात लावायची सोय नव्हती. सतराव्या प्रश्नापाशी मी थांबले. 'हॅलो' हा शब्द कशावरून आला? आदर्श उत्तर: टेलिफोनचा शोध लावणाऱ्याच्या प्रेयसीच्या नावावरून. आणि कागदाच्या तळाशी एक ओळ होती, हरकत असल्यास तीन दिवसांत लेखी कळवावी.

"चल की, टाळकं तापायलंय," रत्नप्रभा म्हणाली.

"तू हो पुढं. मला पेन घ्यायचंय," मी म्हटलं.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचं गाव कृष्णेच्या अलीकडच्या काठाला, कारखाना पलीकडे. अंबी म्हणजे नाववाले. माझे आप्पा आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील, लोकांना या काठावरून त्या काठावर न्यायचे. माणसं, शेरडं, सायकली, नवऱ्या मुली, एकदा तर पिठाची गिरणी सुटी करून नेली होती. मग दोन वर्षांपूर्वी पूल झाला. पूल चांगलाच होता, त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. मी स्वतः त्याच पुलावरून टायपिंगच्या क्लासला जात होते. पण आप्पांची नाव काठावर पालथी पडली आणि आप्पा तिच्या शेजारी बसायला लागले. घरात दोन धाकटे भाऊ शाळेत होते, आई दुसऱ्यांच्या रानात तण भांगलायला जायची. शिकलेली म्हणावी अशी मी एकटी. तेव्हा ती नोकरी मला हवी होती, आणि मी ते कधी लपवलं नाही.

आता त्या हॅलोबद्दल सांगते. परीक्षेसाठी आम्ही सगळ्याजणी एकाच गाईडावर तुटून पडलो होतो. त्या गाईडात या प्रेयसीचं नावसुद्धा छापलेलं होतं. मार्गारेट हॅलो. साहेबाने फोन केला, पहिल्यांदा तिचं नाव उच्चारलं आणि तेव्हापासून जगभर लोक एकमेकांना तिच्या नावाने हाका मारतात म्हणे. मला वाचून तिची कीव आली. एवढं सगळं जग नाव घेतंय आणि त्या बाईचं पुढे काय झालं, हे गाईडात नाही. लग्न झालं का नाही? पोरंबाळं? म्हणून मी गावच्या वाचनालयात गेले आणि मोठा इंग्रजी कोश उघडला. मार्गारेटचं पुढे काय झालं ते मला सापडलं नाही, कारण मार्गारेटच तिथे नव्हती. तिथे दुसरंच काहीतरी होतं. ते मी दोनदा वाचलं, मग पंख्याखाली जाऊन बसले आणि पुन्हा उठून एकदा वाचलं.

परीक्षेत सतरावा प्रश्न समोर आला तेव्हा त्यांना काय हवंय ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी लिहिलं, ही फार जुनी हाक आहे, लांबच्या माणसाचं लक्ष वेधण्यासाठी मारलेली, टेलिफोनच्या कितीतरी आधीची. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. आता त्या बरं वाटण्याचं फळ फळ्यावर लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी, दुपारी तीनला, मी वाचनालयात गेले. तीन ते पाच ही बायकांची वेळ होती आणि बायका म्हणजे बहुतेक मी एकटीच. ग्रंथपाल पुजारी काका साठीकडे झुकलेले, किरकोळ अंगाचे. पुस्तकाचं पान कुणी थुंकी लावून उलटलं तर त्यांना स्वतःला चिमटा काढल्यासारखं व्हायचं.

"काका, तो मोठा कोश मला उद्या एक दिवस हवाय. कारखान्यावर न्यायला."

"संदर्भग्रंथ बाहेर जात नाही," ते वर न बघता म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पान उतरवून ने की कागदावर."

"मी उतरवलेलं साहेब कशाला मानतील? मीच लिहिलं म्हणतील. पुस्तकच समोर पाहिजे."

"अगं पण नियम आहे, शालन. कोश बाहेर जात नाही म्हणजे नाही. आमदारांच्या मुलालासुद्धा दिला नव्हता मी."

"मग तुम्ही कोशाबरोबर चला. तुमच्या हातात असला तर तो वाचनालयातच आहे असं धरू."

काका खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "तुझ्या जिभेला काही हाड?" आणि कपाटातून एक धुतलेला पंचा काढून कोश गुंडाळता येतो का ते बघायला लागले.

म्हणजे एक काम झालं. दुसरं अवघड होतं.

रत्नप्रभा तिच्या भावाकडे राहायची. नवऱ्याने तिला टाकली होती, तीन वर्षांची पोर पदरात होती, आणि वहिनी वाईट नव्हती, पण रोज सकाळी पिठाचा डबा उघडताना ती जे उसासे टाकायची ते रत्नप्रभाला ऐकू जायचे. टायपिंगच्या क्लासात आम्ही शेजारी बसायचो. सहा महिने एकाच गाईडावर दोघींनी डोळे फोडले. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती अंगणात पोरीची वेणी घालत होती.

"ये की. सोमवारपासनं हजर व्हा म्हणून निरोप आलाय," ती म्हणाली. चेहरा असा उजळला होता की मला परत फिरावंसं वाटलं.

"रत्नू, मी उद्या हरकत घेणाराय. सतराव्या प्रश्नाला."

तिच्या हातातली वेणी तशीच राहिली. "म्हंजे?"

"माझं उत्तर बरोबर आहे. कोशात आहे. तुला आधी सांगायला आले. मागनं कळलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता चांगलं वाटतंय होय?" तिने पोरीला आत पिटाळलं. "शालन, तुझं बरोबर म्हंजे माझं चूक. व्हय का न्हाई?"

"होय."

"पुलावर मी तुला काय इचारलं होतं, परीक्षेच्या दिवशी?"

आता ते सांगायलाच हवं. परीक्षेला जाताना पुलाच्या मध्यावर रत्नप्रभाने मला विचारलं होतं, हॅलोचा प्रश्न आला तर काय लिहायचं गं? मी मधूनमधून कोशाचं काहीतरी बोलायचे, म्हणून तिचा गोंधळ झाला होता. आणि मी तिला सांगितलं होतं, गाईडातलं लिही. ते तेच मागतील.

"तू सांगितलंस गाईडातलं लिही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुझ्यावर इश्वास ठेवला. तुला खरं ठावं हुतं, तुझ्यापाशी ठेवलंस. मला खोटं दिलंस. आणि आता त्या खोट्याचा मार्क कापायला निघालीस."

"तुझा मार्क जाऊ नये म्हणून सांगितलं होतं मी."

"मग तुझा का घालवलास? तूबी गाईडातलं लिहायचं हुतंस. दोघींस्नी चौसष्ट पडलं असतं."

याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते तोंडातून निघेना. मी तिथे उभी राहिले आणि माझी मलाच लाज वाटली. तिला सांगितलं तेव्हा मनात खरंच तिची काळजी होती. पण एवढंच होतं का? ती गाईडवाली आणि मी कोशवाली, असा एक ताठा त्यात नव्हता का? होता. आज अडुसष्टाव्या वर्षी मी तो कबूल करते.

"उद्या जाणार?" तिने विचारलं.

"जाणार."

"जा. माझ्या दारात आता हुबी ऱ्हाऊ नगंस."

शुक्रवारी सकाळी आम्ही पुलावरून निघालो. पुजारी काका सायकल हातात धरून, कॅरिअरवर पंच्यात गुंडाळलेला कोश दोरीने करकचून बांधलेला, आणि मी मागून त्याच्यावर हात ठेवून. कॅरिअरवर तान्हं मूल असतं तरी काकांनी एवढ्या वेळा मागे वळून पाहिलं नसतं.

लेबर ऑफिसर शिंत्रे साहेबांनी परीक्षेचा पेपर स्वतः काढला होता. माणूस सरळ होता, पण आपण एकदा ठरवलेलं बदलायचं म्हणजे त्यांना दात काढल्यासारखं वाटायचं. माझा अर्ज त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"एका मार्कासाठी?"

"होय साहेब."

"अगं, मला माझ्या मास्तरांनी हेच शिकवलंय. गाईडात आहे. आमच्या पोराच्या पुस्तकात आहे. सगळी खोटी आणि तू एकटी खरी?"

"मी नाही साहेब, हे खरं," मी म्हटलं आणि काकांकडे पाहिलं.

काकांनी कोश टेबलावर ठेवला. आधी टेबल हाताने पुसलं. पंचा सोडला, पान काढलं आणि वाचनालयाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचावा तशा आवाजात, इंग्रजीतून एकेक ओळ वाचून तिचं मराठी करत गेले.

"हॅलो. हलो, होला या जुन्या हाकांचंच बदललेलं रूप. दूरच्या माणसाचं लक्ष वेधून घेण्यासाठी मारायची हाक. मूळ कदाचित जुन्या जर्मन भाषेत. तिथे अर्थ, आण, घेऊन ये. नदीपलीकडच्या नावाड्याला बोलावण्यासाठी विशेषेकरून वापरत."

शिंत्र्यांनी कोश स्वतःकडे ओढला, काकांचा हातही कोशाबरोबर ओढला गेला.

"आणि साहेब," काका म्हणाले, "ज्याने फोन शोधला त्याला स्वतःला हा शब्द नकोच होता. त्याला जहाजावरच्या खलाशांची हाक हवी होती. तेही दुसऱ्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ जड म्हणून आणला नाही."

शिंत्रे वाचत होते. एकदम त्यांचं बोट एका जागी थांबलं आणि चेहरा खुलला.

"इथं कदाचित लिहिलंय! हे बघा. कदाचित. तुमच्या कोशालाच खात्री नाही. आमच्या गाईडात कसं ठाम लिहिलंय, हिच्या नावावरून म्हणजे हिच्या नावावरून."

"जर्मन भाषेचं कदाचित आहे, साहेब. जुनी हाक आहे याला कदाचित नाही," मी म्हटलं. "आणि ज्याला खरंच काही ठाऊक असतं तोच कदाचित लिहितो. गाईडवाल्याला काय, त्याला पुस्तक खपवायचंय."

काका खोकले. हसू दाबायला खोकले असावेत.

शिंत्रे खुर्चीत टेकले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे विचारलं, "अंबी, एक सांग. गाईडातलं उत्तर तुला येत होतं?"

"येत होतं."

"आम्ही तेच मागणार हेही ठाऊक होतं?"

"होतं."

"नोकरीची गरज आहे?"

"आहे साहेब. फार आहे."

"मग का लिहिलं नाहीस? शहाणपणा दाखवायला?"

रत्नप्रभाच्या अंगणात जे तोंडातून निघालं नव्हतं ते इथे निघालं.

"माझे आप्पा नाव चालवायचे, साहेब. पूल व्हायच्या आधी तुम्हीसुद्धा बसला असाल त्यांच्या नावेत. पलीकडनं कुणी हाक मारली की जेवणाचं ताट सोडून उठायचे. शाळेत मला पोरी नाववाल्याची, नाववाल्याची म्हणून चिडवायच्या. इतकी पुस्तकं वाचली मी, पण नाववाल्याने कधी काही केलं असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आणि एवढ्या जाड इंग्रजी पुस्तकात, सगळं जग जो शब्द रोज बोलतं त्याच्यापाशी, नावाडी उभा होता. कदाचित तर कदाचित. ते वाचल्यावर त्या जागी एका न जन्मलेल्या बाईचं नाव मी माझ्या हाताने कसं लिहू? मला लिहवलं नाही."

शिंत्र्यांनी टोपण काढून शाईचं पेन हातात घेतलं.

"तुझं उत्तर बरोबर," ते म्हणाले. "त्रेसष्टाचे चौसष्ट. पण मग नियम नियमासारखाच चालेल. ज्यांनी गाईडातलं लिहिलंय त्या सगळ्यांचा एकेक मार्क जाईल. मगदूमचे चौसष्टाचे त्रेसष्ट. जागा तुझी. मगदूमला बोलावतो, तिच्यासमोर दुरुस्ती होईल."

रत्नप्रभा त्या दिवशी कागदपत्रं द्यायला कारखान्यातच आली होती. ती आत आली, टेबलावरचा कोश पाहिला, काकांना नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही. शिंत्र्यांनी तिला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली.

"चूक असंल तर कापा साहेब," ती म्हणाली. "कुठं सही करायची?"

तिने पेन घेतलं. पोर घरी वहिनीपाशी ठेवून ती आली असणार आणि संध्याकाळी परत त्याच घरी जाणार होती. मला वाटलं होतं खरं ठरल्यावर मला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. एक माणूस सरळ उभं राहून सही करत होतं आणि तिचं उत्तर चूक होतं ते माझ्यामुळे चूक होतं.

"साहेब, एक राहिलं," मी म्हटलं. "तिला ते उत्तर मी सांगितलं. परीक्षेच्या दिवशी, पुलावर. चूक आहे हे ठाऊक असून सांगितलं. तर माझाही एक मार्क कापा."

"ह्याला काही नियम नाही," शिंत्रे म्हणाले.

"मी लेखी देते. स्वखुशीने."

"तुझे त्रेसष्ट होतील. तिचेही त्रेसष्ट. बरोबरी." ते माझ्याकडे रोखून पाहायला लागले. मग टेबलाच्या खणातून त्यांनी नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण काढलं आणि मोठ्याने वाचलं, "गुण समान असल्यास वयाने मोठ्या उमेदवारास प्राधान्य." वाचून झाल्यावर म्हणाले, "मोठी कोण?"

"मगदूम. चार महिन्यांनी," मी म्हटलं.

"तुला हे आधी ठाऊक होतं?"

"जाहिरात पाठ आहे साहेब."

रत्नप्रभाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मला भीक नगं, शालन," ती दातओठ खाऊन म्हणाली. "कापलेला मार्क चालंल मला. भीक चालायची न्हाई."

"भीक नाही. दंड आहे माझा. तुला खोटं मी दिलं, त्याचा. तो मी दुसऱ्या कुणाकडनं भरून घेणार नाही."

"आन् घरी काय खाशील?"

"बघीन. दुसरीकडं अर्ज करीन. पण माझं उत्तर बरोबर होतं हे फळ्यावर लागलं पाहिजे. तेवढं साहेबांनी लावावं."

शिंत्र्यांनी ते लावलं. फळ्यावर दुपारी नवा कागद आला. सतराव्या प्रश्नाचं आदर्श उत्तर खोडून त्यांनी आपल्या हाताने नवं लिहिलं होतं, अगदी 'कदाचित'सकट. त्याच्या शेजारी यादी, मगदूम त्रेसष्ट, अंबी त्रेसष्ट, आणि मगदूमपुढे निवडीची खूण.

रत्नप्रभा त्या खुर्चीवर एकतीस वर्षं बसली. पहिलं दीड वर्ष ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते. मग तिच्या पोरीला शाळेत घालायचं झालं तेव्हा ती माझ्याकडे आली, कारण तोवर मी त्या शाळेत शिकवायला लागले होते. त्या दीड वर्षात मी काय काय केलं ते सांगत नाही. भांगलणसुद्धा केली. पण पश्चात्ताप झाला का असं कुणी विचारलं तर तो ज्वारीच्या रानात पाठ मोडायची तेव्हा रोज व्हायचा आणि घरी येऊन हातपाय धुतले की जायचा.

त्या शुक्रवारी परत येताना पूल संपल्यावर काका म्हणाले, "पाणी मिळेल का तुमच्याकडे? घसा सुकला माझा वाचून." म्हणून आम्ही काठाकडे वळलो. आप्पा पालथ्या नावेच्या सावलीला बसले होते. मी तांब्या आणला.

"काय झालं गं?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. मार्क मिळाला हेही सांगितलं, आणि तो मी कापून घेतला हेही. आप्पांचा चेहरा लाल झाला.

"येड लागलंय का तुला? घरात काय हाय बघायलीस न्हवं? मिळालेला मार्क परत दिलास? त्यो काय उसना आणला हुतास?"

मी मान खाली घातली. त्यांचं काही चुकत नव्हतं. काका तांब्या खाली ठेवून म्हणाले, "अंबी, पोरीने कशासाठी भांडण केलं ते तरी विचारा."

"कशापायी?"

"तुमच्यापायी," काका म्हणाले आणि पंचा सोडला. "घे शालन, तूच वाच. मी धरतो."

काकांनी कोश मांडीवर धरला आणि मी बोट न लावता वाचलं. आधी इंग्रजीतून, मग आप्पांना समजेल असं. फोनवर बोलताना समदं जग जे हॅलो म्हणतं, ती जुनी हाक आहे. नदीच्या पल्याडनं नाववाल्याला मारायचे ती. आण, घेऊन ये, असा तिचा अर्थ, कदाचित.

आप्पांनी डोक्यावरचा पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"कदाचित कशाला?" ते म्हणाले. "जेनं लिवलंय त्यो कवा नावंत बसलाय का?"

"मोठा विद्वान माणूस आहे तो," काका म्हणाले.

"असंल की. पर पल्याडच्या काठाला हुबा ऱ्हायलेला माणूस दुसरं काय वरडंल? मला घिऊन चल, असंच वरडंल. चाळीस वर्सं ऐकलंय म्या. शालन, खोड त्यो शबूद. कदाचित खोड."

काकांनी कोश छातीशी घट्ट धरला. पण त्यांना घाबरायचं कारण नव्हतं.

"नाही आप्पा," मी म्हटलं. "त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढंच त्यांनी लिहिलंय. ते खोडायचं नाही."

आप्पा नदीकडे बघत राहिले. पुलावरून एक ट्रक धडधडत गेला. मग त्यांनी तळव्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे सरकून बसले.

"बरं, ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पर पुन्यांदा वाच. माझं जिथं येतंय, तेवढंच वाच."